काकीच्या पेटीतला खण

आमच्या गावात चोरी झालेली आहे आणि ती मी केलेली आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

शिंगणापूरचा म्हटलं की बाहेरचा माणूस हसून विचारतोच, "खरंच दारं नसतात का हो?" आता नव्या बांधकामांना कुणी काय काय बसवतं, पण आमच्या आळीत अजून नाहीत. चौकट असते, चौकटीत पडदा असतो, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फळी तिरकी लावतात. कुणाकडं जायचं तर बाहेरून "काकी, हाय का?" अशी हाक द्यायची आणि हाक देत देतच आत शिरायचं. जो चोरी करील त्याला देव बघून घेतो, त्याचे डोळे जातात, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. त्यामुळं घरातली एखादी वस्तू जागेवर नसली तर ती कुणी नेली असेल, असं आमच्या मनातच येत नाही. आमच्या मनात दुसरंच काहीतरी येतं, आणि त्याचाच हा सगळा घोळ आहे.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती दुकानात आणून टाकतो, मी जळकी तार काढतो, नवी गुंडाळतो. हातात कायम तांबं आणि वॉर्निशचा वास. चित्रांचा नाद मला उशिरा, पंचेचाळिशी उलटल्यावर लागला. करोनात सगळं बंद होतं त्या काळात कुणीतरी मला मोबाईलवरच्या एका ग्रुपात घातलं. हौशी लोकांचा ग्रुप. दर सोमवारी एक विषय पडतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्यावर चित्र करून फोटो टाकायचा. नुसतं रंगवायचं नाही. कागद, कापड, दोरा, पत्रा, जे सापडेल ते लाकडी फळीवर चिकटवायचं आणि त्यावर रंग चढवायचा. त्याला कोलाज म्हणतात, मिक्स मीडिया म्हणतात. बायको चिकटवाचिकटवी म्हणते.

माझ्याकडं सामानाला तोटा नव्हता. जळकी तार, मोटारीतला पिवळा कागद, लग्नपत्रिका, खताच्या गोण्यांचे धागे. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना करायला शिकलो. पांढरा रंग पातळ करून वरून फिरवला की खालचं चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं, हेही कळलं. गिऱ्हाईकं दुकानात येऊन विचारायची, "मोटार भरली का, का पुन्हा झाडंच काढत बसलाय?" बायको म्हणायची, "एक दिवस मला पण फळीवर चिकटवा, म्हंजी सुटले." मला राग यायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा आठवडा संपायची वाट बघावीशी वाटत होती. रविवारी रात्री अनोळखी लोक लिहायचे, सुंदर, अप्रतिम. मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो. आमच्या घरात कुणी सुंदर म्हणावं असं मी कधी काही केलं नव्हतं.

एका सोमवारी विषय आला, ‘माहेर’.

पुरुष माणसानं माहेर कुठून आणावं? मी मातीचं घर केलं, लिंबाचं झाड केलं, तारेची पायवाट केली. शुक्रवारपर्यंत सगळं फळीवर होतं आणि सगळं मेलेलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं.

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. आमच्या आणि तिच्या घरात मध्ये एक बोळ, तेवढाच. माझी आई लवकर गेली, त्यामुळं भाकरी कुणाच्या हातची जास्त खाल्ली हे मला विचारू नये. चुलते वारल्यावर ती, तिचा मुलगा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, आणि वहिनी, अशी तिघं त्या घरात. देवळाच्या रस्त्याला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तेल, रुईच्या माळा, काळं कापड. काकी दुकानात बसायची, माळा ओवायची, गिऱ्हाइकाशी भांडायची आणि भांडून झाल्यावर त्याला पाणी पाजायची.

एकदा दिवाळीच्या आधी मी तिचा पंखा दुरुस्त करत होतो आणि ती पत्र्याची पेटी उन्हात रिकामी करत होती. तळातून तिनं चोळीचा एक खण काढला. गडद निळा, काठ लालसर, घडीवर घडी पडून कडा थोड्या पांढुरक्या झालेल्या.

"ही माझ्या आईनं भरलेली शेवटची वटी," ती म्हणाली. "नारळ फोडून खाल्ला, तांदूळ शिजवले. आन् त्याच साली आई गेली."

"मग चोळी का नाही शिवलीस?"

"शिवली असती तर विटली असती. आसा ऱ्हायला तर आईच्या हातातनं आत्ताच घेतल्यावानी वाटतो." मग माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर बघून म्हणाली, "तू पंख्याकडं बघ. खणाला हात लावशील तर काळा करशील."

त्या शुक्रवारी मला तो खण आठवला.

शनिवारी गावात गर्दी असते. काकीचं सगळं घर दुकानात होतं. मी पडद्याबाहेर उभा राहून नेहमीसारखी हाक दिली, "काकी, हाय का?" ती नाही हे मला माहीत होतं. तरी हाक दिली, आणि आत गेलो. पेटीला कुलूप असायचा प्रश्नच नव्हता.

मी स्वतःला सांगितलं होतं की फळीवर नुसता ठेवीन, फोटो काढीन आणि संध्याकाळच्या आत परत ठेवीन. ठेवलाही. फोटोत तो घडी घातलेला खणच दिसला. चित्रात जात नव्हता. मग वाटलं, काठाची एक बारीक पट्टी काढली तर घडीत कळणार नाही. पट्टी काढली. पट्टीनं झाड एकदम जिवंत झालं. आणि त्यानंतर माझा हात थांबला नाही. काकीच्या माहेरच्या घराला, तिकडं पाथर्डीच्या बाजूला, मोठं लाकडी दार होतं असं ती सांगायची. मी त्या खणाचं दार केलं. दोन फळ्या, मध्ये फट. वरून चहाचं पाणी, पातळ पांढरा रंग, बिजागऱ्यांना तांब्याची तार. उरलेल्या कपट्यांची कौलं झाली. रविवारी दुपारी बघितलं तेव्हा परत ठेवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

ग्रुपवर त्या आठवड्यात माझ्या चित्राला जितकी दाद मिळाली तितकी कधीच मिळाली नव्हती. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, हे दार बघून रडू आलं, इतकं खरं कसं काढलंत? मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

काकीला खण नसल्याचं कळलं ते काही दिवसांनी. वहिनीची भाची बाळंतपणाला आली होती, तिला दाखवायला म्हणून काकीनं पेटी उघडली. मी दुकानातून जेवायला येत होतो तर बोळात कपड्यांचा ढीग. काकी पेटीत कंबरेपर्यंत वाकलेली.

"आरं, माझा खण बघितला का तू?"

"कुठला?"

"आईचा. निळा."

मी पेटीशी बसलो आणि तिच्याबरोबर शोधायला लागलो. एकेक लुगडं झटकलं. गादीखाली बघितलं, धान्याच्या कोठीमागं बघितलं. आणि मग मी ते वाक्य बोललो. अगदी मायेनं बोललो. "काकी, तूच कुठंतरी दुसरीकडं ठेवला असशील. आठव बरं."

खण नेला तेव्हा मी चोर होतो. हे बोललो तेव्हा जो झालो, त्याला आमच्याकडं शब्द नाही.

काकीनं पेटीच्या कडेवर हात ठेवला. "म्यां ठिवला?" ती म्हणाली. "आसंल बाबा. दुसरं कोन ठिवनार?"

दुसऱ्या गावात बाईनं आधी सुनेवर संशय घेतला असता, मग शेजारणीवर, मग माझ्यावर. शिव्या दिल्या असत्या. आमच्या गावात चोरी होत नाही. म्हणून तिच्याकडं एकच उत्तर उरलं, की तिचं तिलाच आठवत नाही.

चुलतभाऊ वाईट माणूस नाही. तो काळजीनंच म्हणाला, "आई, आलीकडं तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई." मग तो बघायला लागला, आणि माणूस बघायला लागला की सापडतंच. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं. एकदा ती चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधत होती. मी रोज शोधतो माझा चष्मा. पण तिचं प्रत्येक शोधणं आता त्या खणाच्या हिशोबात जायला लागलं. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तुमी गॅसजवळ नगा जाऊ." पुढं दुकानात बसणं बंद झालं, कारण गर्दीत काही चुकायला नको. राहुरीला लेकीकडं ती एकटी एस्टीनं जायची, कंडक्टरशी वाद घालत जायची; तेही बंद झालं. नगरला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं चांगलं आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी त्यातलं ‘वयाच्या मानानं’ एवढंच ऐकलं.

ती पदराला गाठ मारायला लागली. गोळी घेतली की गाठ, कुणाला निरोप द्यायचा असला की गाठ. मग गाठ कशाची होती ते आठवेना, आणि ते आठवेना म्हणून ती रडली. मी तिथंच होतो. ती आधीपासून विसरत होती का, या भीतीनं विसरायला लागली, हे मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की पहिल्यांदा ती विसरली नव्हती.

आता जे सांगायचंय ते लिहायला मला सर्वांत जड जातंय.

माझ्या बायकोनं ते चित्र चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. इतके दिवस चिकटवाचिकटवी म्हणणारी बाई, पण हे तिलाही आवडलं होतं. मी नको म्हणालो, पण का नको ते कसं सांगणार? एका सकाळी काकी हाक देत आत आली, ताकाचा तांब्या घेऊन. तांब्या ठेवला आणि भिंतीपाशी थांबली. मी चहा पीत बसलो होतो. ती जवळ गेली. मग बोटानं त्या दाराला हात लावला. वर रंग होता, चहा होता, वॉर्निश होतं. तरी तिचं बोट त्या विणीवरून हळूहळू वरून खाली गेलं.

"आरं," ती म्हणाली, "ह्यो माझा खण हाय."

मी कप खाली ठेवला. बायको स्वयंपाकघरातून हसून म्हणाली, "काकी, ते चित्र हाय! रंगवलंय त्यांनी."

काकी अजून बघतच होती. मग तिनं हात मागं घेतला, पदराला पुसला. आणि माझ्याकडं वळून हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. लहान पोराची चोरी पकडल्यावर ते हसतं तसं, माफी मागितल्यासारखं.

"बघ रं कसं झालंय माझं," ती म्हणाली. "आता मला जिथं तिथं त्योच दिसायला लागलाय. घरी नको सांगू हां. आधीच त्ये मला कुठं जाऊ देत न्हाईत."

मी म्हणालो, "नाही सांगत, काकी."

एवढंच बोललो. तिनं विश्वासानं मान हलवली, तांब्या तिथंच ठेवून गेली. थोड्या वेळानं बायको तांब्या परत द्यायला गेली तर वहिनी म्हणाली, "बघा, तांब्यापन इसरल्या."

मी चित्र त्याच दिवशी उतरवलं. बायकोला सांगितलं, भिंतीला ओल आली आहे. ते आता दुकानात जुन्या मोटारींच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं आहे. रविवारचं काम मात्र मी बंद केलं नाही, हेही सांगून टाकतो. दोन-तीन आठवडे खंड पडला, मग पुन्हा सुरू झालं. विषय येतो, मी कागद फाडतो, चिकटवतो. लोक छान म्हणतात आणि मला अजूनही बरं वाटतं.

सुरुवातीला मी शिक्षेची वाट बघत होतो. डोळ्यांत कचरा गेला तरी वाटायचं, आलं. वॉर्निशचा भडका उडाला तेव्हा भुवई जळाली, वाटलं, आता. काही झालं नाही. माझे डोळे शाबूत आहेत, धंदा बरा चाललाय. भोगतेय ती काकी. म्हणून देवावर सोपवून मोकळं व्हायची सोयही मला राहिलेली नाही.

सांगायला कितीदा गेलो. पडद्याबाहेर उभा राहिलो, हाक दिली, आत गेलो, आणि ‘पंखा नीट चालतोय ना’ असलं काहीतरी बोलून परत आलो. भीती कशाची ते मला माहीत आहे. चुलतभाऊ मारेल याची नाही. गाव काय म्हणेल याचीही तितकी नाही. काकी ऐकून घेईल आणि मला लगेच माफ करील, त्याची. आणि मग त्या चित्राला हात लावून ती जे बोलली होती, ते सगळं तिला आठवेल.

ती वाचत नाही. हे छापून आलं तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही, त्यामुळं इथं लिहून माझं काही फिटलेलं नाही. खण मी परत देऊ शकत नाही, तो संपला. पण तिच्या मुलासमोर आणि सुनेसमोर उभं राहून मला तिला सांगायचं आहे की तू काही विसरली नव्हतीस, खण मी नेला होता, आणि भिंतीवर तू जो ओळखलास तो तुझाच होता. तिला शुद्ध आहे तोवर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.