वाचवलेलं बियाणं

आमच्या मरोळच्या घराला आग लागली तेव्हा मी बारा वर्षांची होते. आम्ही सगळे चर्चमध्ये एका लग्नाला गेलेलो. चुलीतला विस्तव नीट विझला नव्हता, तो शेजारच्या लाकडांना लागला आणि स्वयंपाकघर तासभर आतल्या आत धुमसत राहिलं. आम्ही धावत आलो तेव्हा कुणाचं न ऐकता थोरला दादा पोटमाळ्यावर चढला आणि पेंढ्यात गच्च बांधलेल्या भाताच्या दोन मुड्या त्यानं खाली फेकल्या. पावसाळ्यात पेरायचं बियाणं होतं ते. उतरायच्या वेळी शिडीनं पेट घेतला होता, तीच धरून तो उतरला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

त्याला शहरातल्या इस्पितळात ठेवला. शेजारीपाजारी येऊन सांगायचे, "वासे शाबूत आहेत, कौलं शाबूत आहेत, थोडक्यात निभावलं." मला अशी चीड यायची! पोराच्या हातांची वाट लागली आणि म्हणे थोडक्यात.

मुड्यांचा वरचा पेंढा जरासा करपला होता, एवढंच. बाबांनी मुडी सोडून मूठभर दाणे काढले. जसेच्या तसे सोनेरी, टोकाला तांबडं कुसळ. हे तांबडं भात बाबांच्या आज्यापासून आमच्याच शेतात होतं, दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. धुराचा वास येत होता, पण तो दर वर्षी यायचाच. कीड लागू नये म्हणून बियाणं आम्ही चुलीच्या वरच ठेवायचो. वास आला नसता तरच शंका आली असती.

आई एकदाच म्हणाली, "मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघूया का? मोड येतात का ते तरी कळेल."

बाबा असे कडाडले की मी दारातच थिजले. "माझ्या पोरानं हात जाळून घेतले ते काय खोट्या बियाण्यासाठी? आता त्याची परीक्षा घेतेस?"

आई गप्प बसली. तिनं बसायला नको होतं. हे मी आजही म्हणते.

पेरलं. आठ दिवसांत सगळ्यांची रोपं हिरवीगार झाली आणि आमचा तुकडा काळाच्या काळा. बाबांनी माती उकरून एक दाणा काढला, नखांत दाबला. वरून धड, पण आतला कोंब तासभराच्या धगीनं मेलेला, नुसता भुगा. दुसरा काढला, तिसरा काढला. मग ते बांधावर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या एकानं आपली उरलेली रोपं दिली, पांढऱ्या भाताची. तीच लावली.

रविवारी इस्पितळात गेलो तर दादानं पहिलाच प्रश्न टाकला, "उगवलं काय?"

"झकास!" बाबा म्हणाले. "वीतभर आलंय."

पुढच्या रविवारी ते हातभर झालं. मग पोटरीत आलं, कणसं फुटायला लागली. दादा शेजारच्या खाटांवरच्या माणसांना सांगायचा, आमचं तांबडं भात मी काढलं आगीतून. आणि मी खाली बघत बसायची. खोटं बोलू नका, असं आम्हाला शिकवणारे बाबाच ना हे!

भात पिकायला आलं तेव्हा दादा घरी आला. त्याची बोटं मिटत नव्हती. बाबा काही ना काही काम काढून त्याला शेताकडे जाऊ देईनात. तिसऱ्या दिवशी तो मला घेऊन गुपचूप गेला. कणसं पाहिली. एकालाही तांबडं कुसळ नव्हतं.

"कुणाचं गं हे?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. त्यानं न मिटणाऱ्या बोटांनी ती कणसं जरा चाचपली. मग म्हणाला, "मला कळलंय हे बाबांना सांगू नको हं. कधीच नको."

आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची पहिली पेंढी चर्चमध्ये न्यायची असते. दादा म्हणाला, मीच नेणार. मुठीत धरता येईना म्हणून दोन्ही कोपरांत आवळून, छातीशी धरून तो चालला. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय रे, आगीतलं का?"

"तेच तर," दादा म्हणाला. "आमचंच."

त्याच्या शेजारी बाबा मान खाली घालून चालत होते. ज्यानं रोपं दिली होती तो शेजारीही आमच्या मागेच होता. तो काही बोलला नाही.