भाऊजींची जखमी घोडी

घोड्यावर एकदाही न बसता अख्खं घोडदळ हाकणारा माणूस महाराष्ट्रात एकच असेल आणि तो सानगडीत राहतो. ते म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. जन्मभर त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास निवृत्त झाले आणि लगेच पेशवाईच्या काळातल्या नागपूरकरांच्या फौजेतल्या एका साध्या स्वारावर कादंबरी लिहायला बसले. स्वार धोंडू, त्याची घोडी हरणी. राजे-सरदारांना त्या कादंबरीत जागाच नव्हती. "मोठ्या लोकायवर लय लिवून झालं," भाऊजी म्हणत, "घोडीले चंदी कोन चारत होतं, ते सांगा ना!"

एसटी मात्र हाडात मुरलेली. त्यांची फौज बंगालवर निघाली तीसुद्धा मौदा, शहापूर, भंडारा, लाखनी असे थांबे घेत. साकोलीला तर फौजेनं चहा घेतला. तेव्हा चहा कुठला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "बरं, गूळपानी लिवतो. पन साकोलीले थांबाच लागते." लिहिलेलं ते दुपारी ताईला वाचून दाखवत. ताई तांदूळ निवडता निवडता मध्येच ओरडायची, "सकारपासून पळवून राहिले, तिले पानी पाजलं का?" मग भाऊजी मुकाट्यानं कादंबरीत एक नदी घालत.

एका लढाईत हरणीच्या मांडीत गोळी लागली. ते प्रकरण लिहून झालं आणि त्याच आठवड्यात ताई अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चाला म्हणत होते, पण ताई भिंतीकडे तोंड करून पडून राही. भाऊजींची लेखणी थांबली. एक दिवस मला घेऊन ते साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले.

"डॉक्टरसाहेब, मांडीत गोळी हाय, हाड साबूत हाय. घोडी उभी होईल ना?"

"कुठंय घोडी?"

"बंगालात."

"कधी लागली गोळी?"

"झाले असतील अडीचशे वर्सं."

डॉक्टर भला माणूस. हसला नाही. म्हणाला, "हाड शाबूत असेल तर होईल उभी. पण तिच्या माणसानं जवळ राहायला हवं."

भाऊजींचे डोळे भरून आले. ताईच्या डॉक्टरला हा प्रश्न विचारायचं धाडस त्यांना झालं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ताईजवळ बसून नवं पान वाचलं. फौज पुढं निघून गेली होती आणि धोंडू एकटाच मागं राहून घोडीच्या अंगाला खांदा लावत होता. ताईनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मंग? झाली उभी?"

"झाली. पन पाय टाकाले भेते."

ताई कोपरावर जोर देत उठून बसली. मग तिनं हात पुढं केला. "मंग तुमी बसून काहून राहिले? धरा मले."

ती दारापर्यंत चालली. चौकटीला टेकून बराच वेळ अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिली. भाऊजींनी तिचा हात सोडला नाही.

आता ती हळूहळू तलावाच्या पाळीपर्यंत जाते, भाऊजी सोबत असतात. त्यामुळे कादंबरी मात्र राहून गेली. धोंडू आणि हरणी अजून परमुलखातच आहेत. मी कधी आठवण दिली, तर भाऊजी लांब कुठंतरी बघत म्हणतात, "येतील ना बापा. लढाई तं सरली. आता घाई कायची?"