मेंढी नावाची गाय

"बूट बघ, युझक्या, बूट! त्वांडाकडं काय बघतुयास? जाड तळव्याचं, घोट्यापातूर नाड्या. त्योच सायब."

"मावशे, बूट चांगलं म्हून मानूस सरकारी व्हतोय व्हय?"

"तर! हितला पावना कापडी बुटानं बर्फात येतो आन् चार पावलांवर ढुंगनावर आपटतो. ज्याचं बूट धड, त्यो काय तरी ठरवूनच आल्याला असतो."

एवढं बोलून लुदविना मर्दिवानं जाळीवरचे चीजचे काप चिमट्यानं उलटले. तिच्या टपरीशेजारी मी पांढऱ्या अस्वलाच्या कातड्यात उभा असतो आणि पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेतो. मला अस्वलाच्या तोंडातून बाहेरचं दिसतं. बूट तेवढे दिसत नाहीत.

आमच्या झाकोपान्यात, या बर्फाळ डोंगरगावात, मेंढ्या हिवाळ्यात दूध देत नाहीत आणि शहरातला पाहुणा नेमका हिवाळ्यात मेंढीचं चीज मागत येतो. मेंढीच्या दुधाचं असेल तरच त्याला ओस्त्सिपेक म्हणायचं, असा कायदा आहे. म्हणून जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी लुदविना फेब्रुवारीत चीजचं नाव घेत नाही. 'हे', 'आमचं ते', 'धुरातलं' म्हणते. नाव गिऱ्हाइकानं घ्यायचं, हिनं मान हलवायची. तीस वर्षं तिचा धंदा असा बिननावाचा चाललाय.

पण त्या आठवड्यात बातमी फुटली होती. पाहुण्याच्या वेषात तपासनीस फिरतोय, खोटं सापडलं की टपरीची जागा गेली. आणि जागा तरी कसली! डोंगरावर चढणाऱ्या गाडीच्या अगदी तोंडाशी. वर जाणारा आणि खाली येणारा, दोघंही तिच्या धुरातूनच जातात. तिची सासू तिथंच उभी राहून म्हातारी झाली.

तर ते बूट टपरीपाशी आले.

"मेंढीचं आहे ना, आजी?"

"गायीचं हाय," लुदविना शाळेत पाढा म्हणावा तशी म्हणाली. "नोव्हेंबरात केल्यालं. मेंढी या म्हयन्यात दूध देत न्हाई, दादा."

माणसाचं तोंड पडलं. "म्हणजे मी पाच तास गाडी हाकून इथं गाय खायला आलो?"

तो तरातरा शेजारच्या टपरीवर गेला, जिथला माल लुदविनाच पुरवते, आणि लुदविनाच्याच गायीच्या दुधाचे दोन मोठे नग मेंढीचे म्हणून घेऊन आला. मग माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढला. बोलता बोलता कळलं, सायब कुठला, दात काढायचा डॉक्टर होता.

लुदविना स्वतःवरच चिडली. तेवढ्यात उंच टाचांचे बूट घातलेली, गुलाबी टोपीची एक बाई घसरत घसरत आली आणि टपरीला धरून उभी राहिली.

"ताई, ओस्त्सिपेक आहे ना? मेंढीचं?"

टाचा बघूनच लुदविनाचा जीव भांड्यात पडला. "मेंढीचंच की, बाये! सकाळी काढल्यालं दूध."

बाईनं मुरंब्याबरोबर दोन काप खाल्ले, बोटं चाटली आणि पर्समधून ओळखपत्र काढलं.

"फेब्रुवारीत कुठली मेंढी दूध देते, मर्दिवाबाई?"

लुदविनाची पापणीसुद्धा हलली नाही.

"आमची. मेंढी ह्ये आमच्या गायीचं नाव हाय."

"गायीचं नाव मेंढी?"

"आमच्या मालकांनी ठिवलं. त्यास्नी डोळ्यांनी कमी दिसायचं."

"असं? मग चला, हाक मारून दाखवा. आणि हे अस्वल साक्षीला येऊ दे."

गाय अकरा वर्षांची, नाव क्रासुला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. कातडं उतरवावं म्हटलं, तर त्याची चेन थंडीनं गोठलेली. मी तसाच निघालो.

गोठ्यात क्रासुला आमच्याकडं पाठ करून रवंथ करत होती.

"मेंढेऽ! ए मेंढे!"

गायीनं कानसुद्धा हलवला नाही.

"रुसलीया," लुदविना म्हणाली. "मेंढेऽऽ! आगं, सरकार आलंय!"

शेपूट हललं, पण ते हाकेला नव्हतं. बाईनं पेन उघडलं. आता काय होतंय ते बघावं म्हणून मी दारातून डोकं आत घातलं. तेवढ्यात लुदविनानं तिसरी हाक मारली. गायीनं मान वळवली, दारात पांढरं अस्वल बघितलं आणि अशी हंबरली की छपरावरचा बर्फ खाली आला.

"बगा! ओ दिली!"

बाई पालथ्या बादलीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून सरकारी झाली.

"ओस्त्सिपेक हे नाव तुम्ही घेतलं नाहीत, मी घेतलं, हे खरं. पण दूध गायीचं नि बोली मेंढीची, हे चालायचं नाही. जागा ठेवायची तर आजच पाटी लावा. 'गायीचं'. हातभर अक्षरात. पाटी उतरली की जागा गेली."

"कंदीपातूर?"

"मेंढ्या दूध देईपर्यंत."

खोक्याच्या झाकणावर पाटी मीच रंगवली. लुदविना तिच्याखाली सुतकात बसल्यासारखी बसली. "जागा ऱ्हायली, पर गिऱ्हाईक गेलं बघ, युझक्या. कोन थांबंल आता?"

एक जोडपं थांबलं. नवऱ्यानं पाटी वाचली, इकडंतिकडं बघितलं आणि डोळा मारला.

"ही साहेबांसाठी ना, आजी? आम्हाला कळतं. आत मेंढीचंच आहे ना?"

"गायीचं हाय. लिवलंय की."

"हो, हो, गायीचंच," त्यानं आवाज उतरवला. "चार द्या." आणि बायकोला म्हणाला, "बघितलंस? अस्सल माल असला की असं लपवावं लागतं."

त्यांच्यामागं आणखी सहाजण उभे राहिले. सगळे कुजबुजत मागायला लागले.

"आता खरं बोललं तरी ऐकंनात की रं हे!" लुदविना मला म्हणाली.

"मग जरा मोठ्यानं सांग, मावशे."

"गप ऱ्हा. अस्वलाचं डोस्कं घाल तुजं, फोटूवालं आलं."

तिनं चिमटा पुसला आणि नवे काप जाळीवर टाकले.