सिनेमासाठी आलेला मुराळी

मला आवडणारे सिनेमे दुसऱ्या कोणाला आवडत नाहीत, हे मी फार लवकर मान्य करून टाकलं होतं. त्यांत गाणी नसतात, मारामारी नसते, कधी कधी बोलणंही नसतं. एखादा माणूस बराच वेळ रस्त्यानं चालत राहतो, आणि पोचतो तेव्हा तिथंही विशेष काही घडत नाही. पांढुर्ण्यात वाढलेल्या मुलीला हे खूळ लागायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे सिनेमा म्हणजे सुट्टीत सगळ्यांनी मिळून पाहायचा, मध्येच उठून चिवडा आणायचा, आणि घरी येताना नायकाची नक्कल करायची.

नागपूरला शिकायला होते तेव्हा होस्टेलमधल्या मैत्रिणीनं एका रविवारी मला ओढून नेलं. एका वाचनालयाच्या माडीवर थोडी माणसं पांढऱ्या चादरीसमोर बसली होती. पहिल्या सिनेमात मी चक्क झोपले. दुसऱ्यात चिडले. तिसऱ्यात एक म्हातारा आपला चष्मा शोधत होता. सगळं घर धुंडाळून झालं तरी कॅमेरा त्याची पाठ सोडत नव्हता आणि त्याला घाईही करत नव्हता. म्हाताऱ्या माणसाकडे इतका वेळ कोणी बघत बसलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. मी तिथंच रडले, आणि त्या दिवसापासून गेले कामातून.

लग्न होऊन सौंसरला आले ती हे खूळ घेऊनच. नवऱ्याची नोकरी छिंदवाड्याला. सकाळच्या बसनं जायचा तो दिवेलागणीला परत. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासरे मी यायच्या खूप आधी गेलेले. सासूबाईंचं माहेर बोरगावकडचं, बोलणं मोजकं. सकाळी भाजी कोणती करायची ते सांगायच्या, संध्याकाळी दिवा लावला का ते विचारायच्या, आणि मधला सगळा दिवस आम्ही एकमेकींना वाट देत घरात फिरायचो. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला ओळख लागते, तीच नव्हती.

दुपारी त्या दिवाणखान्यात मालिका लावायच्या. मी माझ्या खोलीत कानात इअरफोनची बोंडुकं घालून मोबाइलवर माझे सिनेमे पाहायची. त्या फाल्गुनात मला एक सिनेमा सापडला होता. कुठल्याशा बर्फाळ मुलुखातली एक बाई. घरात एकटी. दिवसभर जुने स्वेटर उसवून लोकरीचे गुंडे करते. लेक दूर कुठंतरी दिलेली. आठवड्यातून एकदा समोरच्या रस्त्यानं बस जाते, तेवढाच काय तो आवाज. तो सिनेमा मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा रडले.

एकदा चहाला बोलवायला आलेल्या सासूबाईंनी मला तसं रडताना पाहिलं. का झालं, म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही आई, सिनेमा पाहते आहे. त्यांनी वाकून मोबाइलात पाहिलं. तिथं ती बाई शांतपणे लोकर गुंडाळत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा झाकून ठेवते म्हणून निघून गेल्या. असं आणखी दोनतीनदा झालं. दर वेळी माझं उत्तर तेच, आणि दर वेळी पडद्यावर ती बाई आणि तिची लोकर. असल्या गोष्टीवर कोणी रडतं, हे शहाण्या माणसानं मानायचं तरी कसं?

मग एका सकाळी दारात माझ्या मोठ्या भावाची मोटारसायकल येऊन थांबली. मला वाटलं, मार्केटच्या कामानं आला असेल. त्यानं पाणी घेतलं, बूट काढले, खुर्चीवर अगदी टोकाला बसला आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, बॅग भर. सासूबाईंनी माझ्या माहेरी फोन केला होता. पोरगी दुपारभर रडते, कोणाला सांगत नाही, चार दिवस घेऊन जा म्हणून.

सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. आमच्या भागात त्याच्या येण्याच्या वेळा ठरलेल्या. दिवाळी, अकजी म्हणजे अक्षय्य तृतीया, नाहीतर घरात काही कार्य. ना सण ना वार, अशा वेळी भाऊ येऊन नव्या सुनेला घेऊन गेला, तर गल्लीतल्या बायका दुपारपर्यंत दोन्ही घरांची कुंडली मांडतात. माझं डोकंच फिरलं. त्या घरात नांदायला मी धडपडत होते आणि माझ्या नकळत मला परत पाठवायची तयारी झाली होती, असंच मला वाटलं. मी भावासमोरच सासूबाईंना म्हटलं की मला इथं काहीही त्रास नाही, मी सिनेमा पाहून रडते, माझे सिनेमेच तसे आहेत.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग मले दाखव. मी पाह्यते, त्यात का रडासारखं आहे थे."

मी तिरीमिरीत मोबाइल टीव्हीला जोडला. त्या सोफ्यावर, मी खाली, भाऊ खुर्चीत. बर्फ सुरू झाला. भावानं थोडा वेळ सभ्यपणे पाहिलं आणि मग त्याची मान छातीवर आली. सासूबाईंनी मात्र नजर हलवली नाही. हिची सून कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. हिला सून नाही म्हटल्यावर, हिला कोणी चहा तरी करून देते का, असं विचारलं. पुढं बराच वेळ काहीच घडेना. ती बाई उसवत होती, गुंडाळत होती.

"एकटीच करून राह्यली बापा," सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

झालं, कंटाळल्या, असं मी मनाशी म्हटलं. इतकं वाईट वाटलं की ते मला स्वतःलाही नवीन होतं. पण त्या परत आल्या त्या चिंचांची टोपली, दगड आणि ताट घेऊन. खाली माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि चिंचा फोडायला लागल्या. बाईमाणूस कामात असताना नुसतं तोंड पाहत बसू नये, ही इकडची रीत. कोणाकडे गेलात आणि ती शेंगा सोलत असली, तर बोलता बोलता आपलाही हात तिच्या सुपात जातो. सासूबाईंनी तीच रीत टीव्हीतल्या बाईला लावली होती. मीही चार चिंचा ओढून घेतल्या. नागपूरच्या माडीवर श्वास रोखून पाहायचे तसले सिनेमे, आणि इथं ठकठक आवाज करत आम्ही चिंचोके काढत होतो. खरं सांगते, त्या सिनेमाला त्याहून चांगले प्रेक्षक मिळाले नसतील.

मग ती जागा आली. संध्याकाळ होते, बाई दार उघडते आणि बाहेरच्या बर्फात कोणाला तरी जेवायला हाक मारते. बाहेर कोणी नसतं. वर्षानुवर्षांची सवय. ती दार लावून घेते. माझे डोळे भरून आले. सासूबाई पडद्याकडे पाहतच नव्हत्या, त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तुही माय अशीच आवाज देते का जेवाले?"

देते. आम्ही भावंडं कुठंही असलो तरी आई दारात उभी राहून हाका मारायची. आम्ही जेवायला कधी बसतो ते सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. मी त्या बाईच्या बर्फावर, तिच्या दारावर, तिथल्या उजेडावर तासभर बोलू शकले असते. ती माझ्या आईसारखी हाक मारते, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी मान हलवली आणि मग मला हुंदकाच आला.

"मंग मी फोन बरोबरच केला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चिंच हातात घेतली.

सिनेमा चालूच होता. शेवटाकडे एक प्रसंग आहे. तो मला नेहमी थोडा ढिला वाटायचा. बसचा दिवस असतो. बाई चांगला झगा घालते, भांग पाडते आणि खिडकीशी बसते. बस थांबते. कोणी उतरत नाही, ड्रायव्हर एक गाठोडं खाली ठेवतो आणि बस निघून जाते. शेजारची ठकठक थांबली म्हणून मी वळून पाहिलं. बोटं चिंचेनं चिकट झालेली, म्हणून सासूबाई मनगटानं डोळे पुसत होत्या.

विचारावं की नाही, मला कळेना. त्याच बोलल्या, टीव्हीकडे पाहत. त्या एकुलत्या एक. लग्न झालं त्याच वर्षी वडील गेले, मागोमाग आई. शेत चुलतभावांकडे गेलं, आणि त्यांतल्या एकालाही बहिणीला आणायचं सुचलं नाही. दिवाळी आली की गल्लीतल्या एकेका सुनेचा मुराळी यायचा.

"मी बी भांग पाडून बसत होती. कोनी येनार नाही, मालूम होतं. तरी बसत होती." मग म्हणाल्या, "तुले न्याले मानूस आहे ना व. मंग असं कोपऱ्यात रडत काहून बसाव?"

मला परत पाठवायला नव्हे, तर मला तसं बसावं लागू नये म्हणून त्यांनी फोन केला होता. सकाळपासूनचा माझा राग कुठं ठेवावा ते मला समजेना. मला त्यांची फार माया आली. मी त्यांचा चिकट हात धरला आणि म्हटलं, "आई, तुम्ही पण चला पांढुर्ण्याला."

त्यांनी झटकूनच टाकलं. सुनेच्या माहेरी मुक्कामाला कोणी जातं का? लोक तोंडात शेण घालतील. चिंचा अर्ध्या राहिल्या आहेत. पोराच्या जेवणाचं काय? पोरगा बत्तीस वर्षांचा आहे, हे मी सांगून पाहिलं. दाराला कुलूप लावायची सवय नाही, असंही एक कारण निघालं.

एवढ्या बोलण्यानं भाऊ जागा झाला. मी त्याला सांगितलं की न्यायला एक नाही, दोघी आहेत, आणि सासूबाईंना आजवर कोणी न्यायला आलेलं नाही. त्यानं आधी दारातल्या मोटारसायकलकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठला, शर्ट नीट केला, तोंडावर पाणी मारून आला आणि सासूबाईंच्या पायाशी वाकला. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आला होता तेव्हाही तो इतका मोठा माणूस दिसला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "तुमाले न्याले आलो."

सासूबाई उठल्या. हात धुऊन आल्या, ते पदराला पुसले. मग भावाकडे न बघता हळूच मला म्हणाल्या, "कोनती साडी नेसू व मी?"