शेवट आधी लिहिणारी पोरगी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून मी फार कमी गोष्टी लपवल्या आहेत. मी निवृत्त झालो त्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्यानं भाषणात म्हटलं, "गोष्ट कशी लिहायची हे आम्हाला सरांनी शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल. विनय कसला? त्या क्षणी मला एकच चेहरा दिसत होता. काही झालं तरी वर बघायची हिंमत नव्हती, एवढंच.

तुम्हाला सांगतो. कसं सांगावं ते अजून कळत नाही, पण सांगतो.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी साकोलीत एका शाळेत मराठी शिकवायचो. वय तिशीच्या अलीकडचं, लग्न व्हायचं होतं, आणि डोक्यात एक खूळ होतं — आपण नाटककार आहोत. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी माझंच नाटक व्हायचं. मीच लिहायचो, मीच बसवायचो, पडद्यामागून ओळीही मीच सांगायचो. गावातले लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "गुरुजी, औंदा काय लिहून राहिले?" त्या एका प्रश्नावर मी वर्षभर जगत होतो. हसू नका. लहान गावात माणसाला एवढं पुरतं.

नववीच्या वर्गाला मी गोष्टीची बांधणी शिकवायचो. फळ्यावर चार शब्द लिहायचे — सुरुवात, गुंता, कळस, शेवट. पोरं उतरवून घ्यायची. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी सांगितलं, प्रत्येकानं मनानं एक गोष्ट लिहून आणा. विषय कोणताही.

त्याच सुमारास साकोलीच्या टाकीजला एक पिक्चर लागला होता. रिक्षावर भोंगा बांधून दिवसभर जाहिरात चालायची. शाळकरी पोरगा गतकाळात जातो, असली काहीतरी जादूची कथा. पोस्टरवर घंटाघर होतं आणि त्याच्या जिन्यावरून पळणारा पोरगा. आमच्या शाळेतल्या पोरांना तो पाहायची फार हौस. दोघातिघांनी पाहिलाही होता, घरी न सांगता.

प्रमिला एकोडीहून यायची, एसटीनं. बाप धानाची शेती करणारा, घरी खाऊनपिऊन बरं. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. व्याकरणात कच्ची. ऱ्हस्व-दीर्घाची तर पार वाट लावायची. तिची गोष्ट मी लाल पेन हातात घेऊन वाचायला बसलो.

पहिलंच वाक्य असं होतं — "आई म्हणते, एकदा रोवणीले एक अनोळखी पोरगी आली होती, दिवसभर माह्या बाजूनं धान रोवलं, नाव नाही सांगितलं, अन् दिवस बुडताना पाळीवरून निघून गेली."

मग गोष्ट सुरू. चौदा वर्षांची एक पोरगी तलावाच्या पाळीवरून घरी चाललेली. पाळ काही संपत नाही. संपते तेव्हा ती दुसऱ्याच गावात असते — आईच्या माहेरी, करडीकडे कुठेतरी, आणि तिची आई तिच्याच वयाची. गुडघाभर चिखलात उभी राहून धान रोवते आहे. पोरगी तिच्या शेजारी वाकते. दोघी बोलत बोलत रोवतात. आई सांगते, आज संध्याकाळी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले. मले तं शाळेत जाचं होतं. पोरगी तोंड उघडते — नाही म्हण, असं सांगायला. आणि तिच्या ध्यानात येतं की आई नाही म्हणाली, तर आपण जन्मालाच येणार नाही. ती तोंड मिटते. हातातली रोपं संपवते. पाळीवरून परत येते. घरी आई चुलीपुढे बसलेली असते आणि म्हणते, "उशीर काहून केला वं?" बस्स. संपली गोष्ट.

शेवट तिनं पहिल्याच वाक्यात लिहून टाकला होता. आणि तरी तो शेवटीच कळत होता. मी फळ्यावर लिहिलेले चार शब्द तिनं कुठे ठेवले होते, मला सापडेना. मी ती गोष्ट पुन्हा वाचली. या वेळी पेन खाली ठेवलं होतं.

आता खरं बोलायचं तर — मला आनंद व्हायला हवा होता ना? मास्तर होतो मी तिचा. झालाही, थोडा वेळ. मग मी सगळ्या पोरांच्या गोष्टींचा गठ्ठा मुख्याध्यापकांकडे दिला. गॅदरिंगच्या हस्तलिखितासाठी ते पोरांचं लिखाण चाळायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. प्रमिलाचे कागद त्यांच्यासमोर होते.

"याचंच नाटक करा औंदा," ते म्हणाले. "पोरीनं काय लिहिलं हो! तुमचं पुढल्या वर्षी घेऊ."

सहज म्हणाले. वाईट हेतू काहीच नव्हता. माझं नाटक तोवर लिहून तयार होतं, भूमिका वाटून झाल्या होत्या. माझ्या तोंडून शब्द गेले, "सर, ही गोष्ट तिची नाही. टाकीजला जो पिक्चर लागलाय ना, त्याची आहे."

मुख्याध्यापकांनी पिक्चर पाहिला नव्हता. ते पाहणाऱ्यातले नव्हतेच. त्यांचा चेहरा उतरला. "असं होय," म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवले. "लेकरू आहे. एकटीला बोलावून समजावून सांगा. वर्गात काही बोलू नका."

मी वर्गात बोललो.

तिला उभं केलं. म्हटलं, ही गोष्ट कुठून आणली? ती म्हणाली, "मनानं लिवली, सर." मी म्हटलं, मनानं की टाकीजमधून? वर्ग हसला. तिनं बाकाची कड धरली. मग म्हणाली, "मी टाकीजचा दरवाजा बी पाह्यला नाही, सर." पिक्चर पाहून आलेला एक पोरगा होता, तो बाकावरून अर्धवट उठला. "सर, पिक्चरमंधी तं पोरगा हाये, अन् तो बापाले —" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, "पोराची पोरगी केली, बापाची आई केली, की झाली का गोष्ट नवी?" पुन्हा हशा. तो पोरगा खाली बसला. प्रमिला उभीच होती. मी तिला बस म्हणायलाही विसरलो — की विसरलो नव्हतो? तास संपेपर्यंत ती उभी होती.

यापुढचं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी तो पिक्चर पाहिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत, नागपूरला, बहिणीच्या पोराला घेऊन. पूर्ण पाहिला होता. त्यात शाळेच्या घंटाघरातून मागच्या काळात जाणारा एक पोरगा होता. त्याचा बाप घोड्यावरून पडून पांगळा झालेला. पोरगा पहिल्यांदा जातो, जमत नाही. दुसऱ्यांदा जातो, आणखी बिघडवून ठेवतो. तिसऱ्यांदा घोडा अडवतो, आणि परत येतो तर बाप दोन्ही पायांवर उभा. लोक शिट्या मारतात. सुरुवात, गुंता, कळस, शेवट — अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखा. तिथे सगळं दुरुस्त होतं. प्रमिलाच्या गोष्टीत काहीच दुरुस्त होत नाही. तिची पोरगी जाते, बघते, आणि मुकाट्यानं परत येते. ज्यानं तो पिक्चर पाहिलाय त्याची या दोन गोष्टींत गल्लत होणं शक्यच नाही. आणि ज्या पोरीनं तो पाहिला असता तिनं असं लिहिलंच नसतं. हे साकोलीत कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत असेल, तर तो मी होतो.

म्हणजे गैरसमज नव्हता. घाई नव्हती. मी जाणून बोललो.

तुम्ही म्हणाल, नववीतल्या पोरीच्या गोष्टीला चोरी म्हटलं, वाईट झालं, पण झालं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. चार दिवसांत सगळे विसरतील. पण मी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. चोरीचा आळ मी घेतला होता खरा, पण एकोडीला तो तसा पोचला नाही. त्याच बसनं जाणाऱ्या पोरींनी घरी सांगितलं, त्यांच्या आयांनी आणखी कुणाला, आणि गावात एवढंच पसरलं — प्रमिला शाळा बुडवून टाकीजला जाते. मास्तरनंच सांगितलं भर वर्गात. मध्यंतरी एकदा बस आली नव्हती आणि ती दिवे लागल्यावर घरी पोचली होती. लोकांनी ते आणि हे जोडलं.

तिचा बाप शाळेत आला. स्वच्छ धोतर, खांद्यावर दुपट्टा. चपला व्हरांड्याबाहेर काढून आला. मी खुर्ची दिली, तो बसला नाही. म्हणाला, "गुरुजी, एकच इचारतो. माही पोरगी टाकीजले गेलती का?"

मी टेबलावरची हजेरी उघडली.

"ते म्हणते नाही गेली. मले तिचं खरं वाटते जी. पण तुम्ही शिकले-सवरले माणसं, तुम्ही उगाच कायले बोलसान? तुम्ही नाही म्हणा, मी उद्या तिले शाळेत आणून सोडतो. गावाले काय सांगाचं ते मी सांगतो."

एवढं सोपं करून दिलं होतं त्या माणसानं. दोन अक्षरी शब्द. पण तो शब्द उच्चारला की मुख्याध्यापकांना सांगावं लागणार, मग वर्गाला, मग सगळ्या साकोलीला — की मास्तर खोटं बोलला, आणि कशासाठी बोलला. व्हरांड्यात माझ्या नाटकाची पोरं तालमीसाठी थांबली होती. मला त्यांचे आवाज येत होते.

मी म्हटलं, "गोष्ट तर त्याच पिक्चरची आहे. आता मी काय सांगू?"

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग मला नमस्कार केला. मला, नमस्कार. चपला घातल्या आणि गेला.

प्रमिला पुन्हा शाळेत आली नाही. तिचं नाव हजेरीत काही दिवस मी पुकारत राहिलो — कुणी विचारू नये म्हणून, की ती येईल म्हणून, ठाऊक नाही. गॅदरिंगला माझं नाटक झालं. चांगलं झालं. टाळ्या पडल्या, मी रंगमंचावर येऊन हात जोडले. त्या रात्री मला झोप आली नाही असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. झोप आली. गाढ आली.

दोन उन्हाळे ती घरी राहिली आणि तिचं लग्न झालं, मोहाडीकडे दिलं, असं कळलं. मी चौकशी केली नव्हती, बोलण्यातून कळलं. त्यानंतर मी नाटकं लिहिणं बंद केलं. लोकांना वाटलं, संसाराला लागल्यामुळे.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो कदाचित. पुढचं आहे म्हणून बसलो.

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. भर दुपारी मी साकोलीच्या बसस्टँडवर उभा होतो. एक बाई आली, कडेवर पोरगी. वाकून पाया पडली. "वळखलं का, सर?" मी ओळखलं होतं, तिनं वाकायच्या आधीच. माहेरी आली होती, परत चालली होती. तब्येत बरी होती, चेहरा शांत. तिनं माझी, घरची चौकशी केली. माझ्या लेकरांची नावं विचारली. मी यंत्रासारखी उत्तरं देत होतो. मग ती एकदम म्हणाली —

"सर, थो पिक्चर पाह्यला मी. आमच्या गावात कोणाच्या तरी लग्नात व्हिडिओ आणला होता. सगळा पाह्यला." जराशी हसली. "त्याच्यात तं तसं काहीच नाही जी."

मी तिच्या मुलीकडे बघत राहिलो.

"मी लय दिवस इचार केला," ती म्हणाली. "मग मले समजलं. तुम्ही पाह्यलाच नसन तवा. कोणीतरी सांगतलं असन तुमाले, अन् तुमाले खरं वाटलं असन. नाही का, सर? पाह्यला असता तं तुम्ही तसं बोललेच नसते."

ती प्रश्न विचारत होती का? की मला वाट देत होती? इतक्या वर्षांनी मलाच एक गोष्ट रचून देत होती, ज्यात मी वाईट माणूस नव्हतो? मला कळलं नाही. आजही कळत नाही. तिच्या डोळ्यांत मला रागही दिसला नाही आणि डावही. तिला फक्त हो किंवा नाही हवं होतं, तिच्या बापाला हवं होतं तसंच.

"नाही," मी म्हटलं. "नव्हता पाहिला."

तिनं मोठा श्वास सोडला. "मले वाटलंच होतं," म्हणाली. "मी बाबाले बी सांगीन." तेवढ्यात तिची बस लागली. लोक दाराशी लोटालोटी करू लागले. तिनं पोरीला म्हटलं, "सरले टाटा कर," आणि गर्दीत शिरली. त्या लहानगीनं आईच्या खांद्यावरून हात हलवला. मीही हलवला.

वर्गात बोललो ते हेव्यानं. बापासमोर तेच धरून राहिलो ते भीतीनं. पण बसस्टँडवर? तिथे कसला हेवा होता, कसली भीती? नाटकं केव्हाच सुटली होती, मुख्याध्यापक बदलून गेले होते, वर्ग पांगला होता. माझं काहीएक जाणार नव्हतं. तरी मी तेच केलं, आणि पहिल्यापेक्षा सहज केलं.

मी तो पिक्चर पाहिला होता, प्रमिला.