आजी अडकली नव्हती

निखिल, ये रे असा, जवळ बस. हातातलं काम ठेव आधी बाजूला. आईचं सगळं उरकलंस नि लगेच विमानात बसलास, समोरच्या दारात कुंदामावशीकडे घोटभर चहा घ्यायला नाही जमलं ना? असू दे. पेपरची ही पुरवणी तू तिकडे मोबाईलवर वाचतोस म्हणे, म्हणून इथेच लिहिते. वाचणाऱ्यांनाही कळू दे तुझी आई, माझी शालन, कोण होती ते.

आम्ही दोघी मुलुंडला एकाच मजल्यावर, दारासमोर दार. दोघी कोकणातल्या, दोघींचे नवरे गिरणीत. शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे आलं ते पुड्यांचे कागद वाचून. ती गेली त्याला महिना होऊन गेला. तुला फोन मीच केला होता. "मावशी, निघतो लगेच," म्हणालास. निघालासही, पण लेकीला, मीराला, नाही आणलंस. तिची शाळा होती... तेच सलतंय मला.

मीरा कॅनडात वाढलेली. तिला मराठी येत नाही, शालनला इंग्रजी. नातीशी बोलायचं आणि मधे कोणी नको, एवढाच शालनला ध्यास. पोरं सुट्टीचं नि फिरण्याचंच बोलतात, म्हणून तिने तिथूनच सुरुवात केली. दुपारी भांडी आवरली की आमची इंग्रजीची शाळा तिच्या ओट्याशी. तांदळाच्या डब्यात वाटी टाकली की 'इन', झाकणावर ठेवली की 'ऑन', नुसती डब्यापाशी टेकवली की 'ॲट'. इथवर झकास चाललं. मग इंग्रजी शिकायच्या पुस्तकात विमान आलं, 'ऑन द प्लेन'. शालन भडकलीच. "कुंदा, विमान म्हणजे डबाच ना गो? मग मी आत बसणार की टपावर?" मी म्हटलं, "तुझं वजन बघून टपावरच बसवतील." हसता हसता वाटी खाली. पण टॅक्सीला 'इन' नि विमानाला 'ऑन', हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. आपलं बरं, एक 'ला' लावला की माणूस गावालाही जातो, सुट्टीलाही जातो नि लग्नालाही जातो. "चुकलं तर चुकलं, बोल की गो," मी म्हणायचे. तूही म्हणायचास. पण तिचं एकच, "आजी अडाणी आहे असं पोरीच्या मनात नको बसायला."

मे महिन्यात आम्ही देवगडला तिच्या बहिणीकडे राहून आलो. रविवारी मीराने व्हिडिओ फोनवर विचारलं, सुट्टीत कुठे गेली होतीस? शालनने वाक्य आठवडाभर घोटून ठेवलेलं. "वी स्टेड..." म्हणाली नि थांबली. बहिणीच्या घरी, त्याला 'इन' की 'ॲट'? डोळे स्थिर, तोंड अर्धं उघडं. तिकडून मीरा ओरडली, "पप्पा, आजी इज फ्रोझन!" पोरीला वाटलं, नेट अडकलं. तू म्हणालास, "कट कर, नंतर लावू." पडदा काळा. शालन तशीच बसलेली... मग हळूच म्हणाली, "ॲट माय सिस्टर्स हाऊस." कुणाला? समोर तर भिंत.

त्या रविवारी फोन काही परत आला नाही. तुला बोल लावत नाही रे, तुला तरी काय ठाऊक. पण तिने मग युक्ती काढली. शब्द शोधताना हात हलवत राहायची, म्हणजे पोरीला कळावं आजी अडकली नाही. झालं भलतंच. मीराला वाटे, आजी टाटा करतेय. तीही टाटा करायची नि पळायची खेळायला.

शेवटी शालन हॉस्पिटलात होती, तू तिकडून व्हिडिओ लावलास तेव्हा फोन मी धरला होता. तोंडावर मास्क, बोलणं बंद. मीरा दिसली नि शालनने हात पांघरुणावरून जरासा उचलला. पोर लगेच म्हणाली, "बाय आजी!" मी ओरडले, "नो बाय! वेट!" तेवढंच इंग्रजी आलं बाहेर. तोवर पोर पळाली, नर्सने फोन बंद करायला लावला. हात मात्र बराच वेळ हलत होता. कुठलं वाक्य जुळवत होती... मला नाही कळलं. आता कोणालाच कळायचं नाही.

परदेशात माझं कोणी नाही. मी शिकत होते ती तिला सोबत म्हणून. अजून दुपारी किल्ली लावून तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते, एखादं वाक्य मोठ्याने म्हणते. चूक की बरोबर सांगायला माणूस नाही, बरोबर आलं तरी ते घालायचं कुठे? आजीने आपल्याला टाटा केलं, असंच मीरा आयुष्यभर धरून बसेल. ते तसं नव्हतं, हे सांगण्याएवढं इंग्रजी माझ्याजवळ नाही. नि सांगून शालनच्या वाट्याला काय येणार, तेही नाही समजत.

एजंट परवा शालनच्या घराची मापं घेऊन गेला. घर विकलं जायच्या आत मीराला घेऊन ये. मधे तू बस. मी मराठीत सांगेन, तू तिला सांग. फोनवर नको रे हे. ये लवकर, माझाही आता काही भरवसा नाही.