लाईनबाहेरचा ठसा

नातीसाठी आणलेला टेनिस चेंडूंचा डबा काल उघडला. फस्सकन हवा सुटली, नव्या रबराचा वास आला आणि मी भद्रावतीकडच्या त्या कोर्टावर जाऊन उभा राहिलो.

कोर्ट एका कोळसा ठेकेदाराचं होतं. मी चंद्रपूरच्या पेपरात बातमीदार. टेनिसच्या वेडापायी त्याच्याकडे खेळायला जायचो. तिथल्या मातीवर कोळशाची धूळ बसलेली असे, त्यामुळे चेंडू टेकला की ठसा स्पष्ट उमटे. त्या ठशांवरून ठेकेदार हमरीतुमरीवर यायचा. एक पॉइंट सुखासुखी सोडायचा नाही.

त्या संध्याकाळी माझा फटका चांगला वीतभर बाहेर पडला. ठसा मला जाळीपलीकडूनही दिसत होता. तो मात्र म्हणाला, "अंदर हाये! बढिया मारला, भाऊ." पुढचाही तसाच दिला. सेट संपल्यावर म्हणाला, "अजून एक खेळू नं. घाई काऊन करून राह्यले?" त्याची नजर सारखी फाटकाकडे जात होती.

मला राहवेना. पाणी पिऊन येतो सांगून मोटारसायकल काढली आणि थेट त्याचा कोळशाचा डेपो गाठला. तिथे कोळशाचा ढीग ढासळला होता. खाली सापडलेल्या मजुरांना उकरून काढणं चालू होतं. त्यांच्या बायका दारातच बसल्या होत्या.

मी पेपरातून आलोय म्हटल्यावर त्यांतल्या एकीनं माझी पांढरी पँट, पांढरे बूट निरखले. संशय घेणं हा माझा धंदा, असं मी तोवर समजत होतो.

"खरं सांगा भाऊ," ती म्हणाली, "त्यानंच धाडलं नं तुमाले?"